गटार उडवणारे डॉक्टर

संपादक महोदय,

जुन्या बोलपटांवर लिहिताना आपल्याकडे ‘द सिटाडेल’ (१९३८) सहसा सुटतो. मूळ कादंबरीकार ए. जे. क्रोनिन स्वतः डॉक्टर. वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावात त्यांनी नोकरी केली होती, आणि किंग व्हिडॉर यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या या चित्रपटात ती कोळशाची धूळ जाणवते. टायफॉइड हटेना म्हणून दोन डॉक्टर रात्री चक्क गावचं सडकं गटारच सुरुंगाने उडवतात! त्यातल्या नायक डॉक्टरच्या भूमिकेतला रॉबर्ट डोनाट निपचित जन्मलेल्या बाळाला श्वास घ्यायला लावतो, तो प्रसंग पाहताना आपलाही श्वास अडकतो. पुढे हाच डॉक्टर लंडनच्या श्रीमंत रुग्णांच्या फीमध्ये रमतो.

शेवट मात्र मला खटकला. कादंबरीत पत्नी मरते; चित्रपटात तिला वाचवून मित्राचा बळी दिला आहे. विजय आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ (१९७१) याच कादंबरीवरचा. त्यातली गाणी सर्वांना पाठ, ‘द सिटाडेल’ पाहिलेले मात्र क्वचितच भेटतात. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन हेही ट्रेडेगरचेच. या धाग्यावर आपल्या पुरवणीत सविस्तर लेख यावा.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली