कडाक्याची थंडी आणि दिवसाची वीज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा घसरला की ‘पृथ्वी तापते आहे म्हणता, मग ही थंडी आली कुठून?’ हा प्रश्न चावडीपासून चित्रवाणीवरील चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागतो. प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही आणि त्याचे उत्तरही अवघड नाही. पश्चिमेकडून येणारी वादळी प्रणाली, म्हणजे पश्चिमी झंझावात, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला, की उत्तरेचे कोरडे, गार वारे खानदेशातून नाशिकपर्यंत उतरतात, आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब रात्रीतून गमावून बसते. जगाचे सरासरी तापमान वाढले म्हणून हे चक्र थांबलेले नाही. थंडीच्या लाटा १९५० नंतर जगभर कमी झाल्या आणि त्यांचा जोरही ओसरला, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक तज्ज्ञ समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या मूल्यमापन अहवालात नोंदवलेले आहे. परंतु कमी होणे म्हणजे संपणे नव्हे. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस १.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, आणि २०२४ हे वर्ष १९०१ पासूनचे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

माझे म्हणणे पुढचे आहे. या वादात थंडी सोसणारा माणूस बाजूला पडतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच घडले. उष्ण प्रदेश म्हणून तिथली वीज आणि वायूची यंत्रणा कडाक्याच्या थंडीसाठी तयारच नव्हती; २०११ च्या थंडीनंतर तशा शिफारशी झालेल्या असूनही त्या नीट अमलात आल्या नव्हत्या. लाखो घरे ऐन गारठ्यात अंधारात गेली आणि सरकारी नोंदीनुसार २४६ माणसे दगावली. त्याच दिवसांत राजकीय नेते पवनचक्क्यांना दोष देण्यात गुंतले होते, जरी सर्वाधिक तूट नैसर्गिक वायूवरील वीजनिर्मितीत आली होती. थंडी क्वचित येते म्हणून तिची तयारी नको, हा समज किती महाग पडतो ते तिथे दिसले. आपल्याकडेही तो समज खोलवर रुजलेला आहे. ‘थंडीची लाट व कडाक्याची थंडी’ ही केंद्राच्या मदतीस पात्र आपत्तींच्या यादीत २०१२ पासून आहे, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात उष्माघाताचे ७३० तर थंडीचे ७२० बळी नोंदवलेले आहेत. तरीही उन्हाळ्यापूर्वी जशा बैठका होतात, तशा हिवाळ्यापूर्वी झाल्याचे आमच्या भागात दिसत नाही.

शेतकऱ्याच्या वाट्याला येणारी थंडी प्रामुख्याने विजेच्या वेळापत्रकातून येते, हे शहरातील वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गहू, हरभरा, कांदा यांना पाणी लागते ते नेमके डिसेंबर-जानेवारीत. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात जातो, बारे देताना, म्हणजे वाफ्यांत पाणी सोडताना, गुडघ्यापर्यंत ओल्या पायांनी उभा राहतो, आणि उसाच्या कडेने बिबट्याची धास्ती असते ती वेगळीच. पाऱ्याने तळ गाठलेल्या वेळी तो उघड्यावर असतो. यात म्हातारी माणसेही असतात, कारण तरुण मुले कामासाठी बाहेरगावी गेलेली असतात.

म्हणूनच मला हवामान धोरण हा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय वाटतो. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये भारताने २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे जाहीर केले. त्यावर बरीच चर्चा झाली, पण शेताच्या बांधावर तिचा अर्थ कुणी सांगितला नाही. राज्यातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, सौर प्रकल्पातून दिवसा वीज देणे हा तिचा हेतू आहे. या योजनेची प्रगती मेगावॉटमध्ये सांगितली जाते. किती गावांतली रात्रीची पाळी कायमची बंद झाली, हेही त्याच ठळकपणे सांगितले जावे. जो फीडर दिवसा चालू लागतो, त्याच्यावरची माणसे रात्री घरात झोपतात. थंडीपासूनचा याहून मोठा बचाव कोणत्याही ब्लँकेटवाटपात नाही.

द्राक्षाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घेतलीच पाहिजे. तापमान फार खाली गेले, की वेलीची वाढ थांबते, मणी फुगत नाहीत, पक्वतेच्या सुमारास मण्यांना तडे जातात, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावतीने हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येऊन निर्यातीचा माल हातचा जातो. बागायतदार त्यावर पहाटे ओळींमधून शेकोट्या पेटवतो आणि ठिबक सुरू करतो, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. ही वीज त्याला सूर्योदयापूर्वी लागते, म्हणजे केवळ सौर फीडरने त्याची गरज भागणार नाही. हवामान विभागाने इशारा दिलेल्या दिवसांत द्राक्षपट्ट्यातील फीडरना पहाटे तीन ते सात ठरवून वीज देणे मात्र शक्य आहे, आणि असे दिवस वर्षात मोजकेच असतात.

याच दिवसांत साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजूर कोप्यांमध्ये राहतात. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या आडोशात लेकरे झोपलेली असतात आणि आई-वडील उजाडण्याच्या आत फडात गेलेले असतात. इशारा असलेल्या दिवशी तोड सूर्योदयानंतर सुरू व्हावी आणि कारखान्याने सरपण, ताडपत्री व गरम पाण्याची सोय करावी, एवढे तरी जिल्हा प्रशासनाने बंधनकारक करावे.

माझी विनंती शासनाला आणि वीज वितरण कंपनीला आहे. नाशिक, जळगाव, धुळे, अहिल्यानगर आणि परभणी या थंडीच्या जिल्ह्यांतील अद्याप रात्रपाळीवर असलेल्या शेती फीडरची तालुकानिहाय यादी रब्बीच्या पेरणीपूर्वी जाहीर करावी, सौरीकरणात त्यांना अग्रक्रम द्यावा, आणि ते होईपर्यंत थंडीच्या लाटेच्या दिवसांत या फीडरची रात्रीची पाळी दिवसा वळवावी.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
ता. निफाड, जि. नाशिक