प्रवेशाच्या टक्केवारीत न मोजलेली मुले

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेली एकोणीस वर्षे मी न्यू जर्सीत राहतो. दर मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशाचे निकाल लागतात त्या दिवसांत, येथील मराठी घरांत आणि पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांशी होणाऱ्या बोलण्यातही एक आकडा फिरू लागतो. अमुक विद्यापीठातून अर्ज करणाऱ्या 85 टक्के मुलांना मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळतो, तमुकमधून 90 टक्के. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे ना, मग हेच विद्यापीठ घ्या, असा सल्लाही त्यामागोमाग येतो. या आकड्यावर विसंबून आमच्या घरी एक निर्णय झाला आणि तो चुकला, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे बारावीनंतर 'नीट' देऊन मूल थेट एमबीबीएसला जाते. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, तीही कोणत्याही विषयातली, तिच्या जोडीला जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांचे ठरावीक विषय, मग 'एमकॅट' ही परीक्षा, आणि त्यानंतर एमडीच्या (येथे हीच डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) चार वर्षांसाठी अर्ज, असा क्रम आहे. 2023-24 या वर्षी एमडी देणाऱ्या महाविद्यालयांसाठी सुमारे साडेबावन्न हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे तेवीस हजार जण दाखल झाले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. देशभरात ही स्थिती असताना एखादे विद्यापीठ 90 टक्के सांगते, तेव्हा ते शंभरांतले नव्वद आहेत की आधीच चाळून घेतलेल्या चाळीसांतले छत्तीस, हे विचारायला हवे होते. आम्ही ते विचारले नाही.

माझ्या मुलीच्या वर्गात पहिल्या सत्रात प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जाण्याच्या तयारीतली, म्हणवणारी मुले शेकड्यांनी होती. दुसऱ्या वर्षीच्या ऑर्गॅनिक केमिस्ट्रीने त्यांतली कितीतरी गळाली. जी उरली त्यांना एका समितीपुढे जावे लागले. अनेक विद्यापीठांत प्राध्यापकांची सुटी शिफारसपत्रे न पाठवता अशी समिती एकत्रित पत्र देते, आणि ज्या विद्यापीठात ही पद्धत आहे तेथील विद्यार्थ्याने ते पत्र जोडले नाही तर मेडिकल स्कूल त्याचे कारण विचारते. मुलीचा जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी) समितीने ठरवलेल्या मर्यादेच्या थोडा खाली होता. यंदा थांबा, पत्र मिळणार नाही, असे तिला सांगण्यात आले. तिने अर्ज केला नाही, म्हणून ती नापास ठरली नाही, म्हणून टक्केवारीत ती आलीच नाही. दोन वर्षे प्रयोगशाळेत काम करून आणि एमकॅट नव्याने देऊन तिने स्वतःच्या बळावर प्रवेश मिळवला, त्यानंतर त्याच विद्यापीठाकडून तिला एक फॉर्म आला: आपल्या प्रवेशाचे तपशील कळवा, आम्हाला माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद ठेवायची आहे. तिच्या आईने तो फॉर्म बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

अर्जदारांचा आकडा असा आटोक्यात ठेवता येतो, तसा यशस्वी मुलांचा आकडा फुगवताही येतो. काही ठिकाणी अमेरिकेबाहेरच्या, कॅरिबियन बेटांवरच्या महाविद्यालयांतले प्रवेशही त्यात धरले जातात, काही ठिकाणी तिसऱ्या खेपेला मिळालेला प्रवेशही 'यश' ठरतो, तर काही ठिकाणी ठरावीक जीपीएवरचीच मुले मोजली जातात. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संस्था कोणत्या विद्यापीठातून किती अर्ज आले याची यादी प्रसिद्ध करते, परंतु त्यांतल्या कितींना प्रवेश मिळाला हे विद्यापीठनिहाय जाहीर करत नाही. त्यामुळे माहितीपत्रकातला आकडा पालकांना ताडून पाहता येत नाही.

हीच संस्था दुसरा एक तक्ता दरवर्षी देते, आणि मला तो अधिक उपयोगी वाटतो. त्यात विद्यापीठाचे नाव नसते, फक्त जीपीए आणि एमकॅटचे गुण असतात. दोन्हींत अगदी वरच्या गटात असलेल्या दहापैकी सुमारे आठ अर्जदारांना प्रवेश मिळतो. नामांकित विद्यापीठे मुळातच परीक्षेत तरबेज असलेली मुले निवडून घेतात. ती मुले पुढे एमकॅटमध्येही चमकली, तर त्याचे श्रेय त्या विद्यापीठाच्या शिकवण्याला किती द्यायचे? राहण्याच्या ठिकाणाचाही वाटा असतो. टेक्सासमधल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना किमान 90 टक्के जागा राज्यातील रहिवाशांना द्याव्या लागतात, त्यामुळे तेथील मुलाच्या संधीचे गणित न्यू जर्सीतल्या मुलासारखे नसते.

आपल्या लोकांच्या दृष्टीने याहून गंभीर एक गोष्ट त्या टक्केवारीत कधीच दिसत नाही. ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे असलेल्या कुटुंबांतली मुले एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आई-वडिलांच्या व्हिसाच्या आधारावर, येथेच वाढतात, मात्र 21 वर्षे पूर्ण होताच त्यांचा तो आधार सुटतो आणि बहुतेकांना परदेशी विद्यार्थी म्हणून एफ-1 व्हिसा घ्यावा लागतो. कित्येक मेडिकल स्कूल परदेशी नागरिकांचे अर्ज स्वीकारतच नाहीत. जी स्वीकारतात त्यांतली काही चार वर्षांची फी आधीच स्वतंत्र खात्यात जमा करायला सांगतात, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज या मुलांना मिळत नाही. भारतातून पदवीसाठी येऊन पुढे येथेच डॉक्टर होण्याचा बेत करणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. ज्यांनी या हेतूने मोठे कर्ज काढायचे ठरवले आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाला लेखी विचारावे की मागील पाच वर्षांत तुमच्याकडच्या किती परदेशी विद्यार्थ्यांनी अर्ज केले आणि कितींना अमेरिकेतच प्रवेश मिळाला.

माझा धाकटा मुलगा यंदा बारावीत आहे आणि त्यालाही याच वाटेने जायचे आहे. या वेळी आम्ही प्रत्येक ठिकाणी प्री-मेड सल्लागाराला भेटलो आणि पहिल्या वर्षी किती मुले सुरुवात करतात, अर्जापर्यंत किती पोचतात, समिती कोणाला पत्र नाकारते का, हे विचारले. दोन ठिकाणी उत्तर टाळले गेले. एका सरकारी विद्यापीठातल्या बाईंनी मात्र संगणक आमच्याकडे वळवून सगळे आकडे दाखवले, मधेच सोडून गेलेल्या मुलांसकट, आणि अर्ज करू इच्छिणाऱ्या कोणालाही आम्ही अडवत नाही असे सांगितले. त्यांची टक्केवारी पन्नाशीच्या आसपास आहे. धाकट्याचा प्रवेश आम्ही तिथे पक्का केला.

आपला,
एक पालक
एडिसन, न्यू जर्सी