मन्या, हेडफोन घेण्याआधी हे वाच

पुणे, रविवार दुपार

प्रिय मन्या,

कोणते हेडफोन घेऊ हा तुझा मेसेज परवाच वाचला, पण हे फोनवर सांगण्यात अर्थ नाही, तू लोकलमधून बोलणार, ऐन मोक्याला रेंज जाणार आणि तू अर्धवट ऐकून भलतंच काहीतरी घेऊन मोकळा होणार. म्हणून बसून लिहितोय, आणि लांबलचक लिहितोय, जेवण झाल्यावर निवांत वाच.

आधी एक सांगू का, बाबांच्या सगळ्या कॅसेटी तू एकट्याने कॉम्प्युटरवर उतरवल्यास आणि त्या जुन्या सान्सा क्लिप प्लसमध्ये भरल्यास हे वाचून फार बरं वाटलं. आणि तो प्लेयर भंगारात टाकला नाहीस हे तर बेस्टच केलंस. दिसायला काडेपेटीएवढा, पण आवाज एकदम स्वच्छ, मेमरी कार्ड बसतं, मध्येच कुणाचा फोन येत नाही, अजून काय पाहिजे माणसाला.

आता तुझं म्हणणं असं की बजेट अडीच हजार आणि डोक्यावरचे मोठे गुबगुबीत हेडफोन पाहिजेत. तर ऐक, मी या नादात काय माती खाल्ली ते. तीन वर्षांपूर्वी मला एक स्टुडिओवाला हेडफोन सेकंडहँड मिळत होता, अर्ध्या किमतीत, मी जाम खूश, घरी आणला, प्लेयरला लावला, व्हॉल्यूम पूर्ण टोकाला नेला, तर आवाज कसा, शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावलाय असा. वाटलं फसवलं आपल्याला. मग लक्षात आलं की विकणाऱ्याची काही चूक नव्हती, हेडफोन २५० ओहमचा होता, ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. आपले हे छोटे प्लेयर देऊन देऊन किती व्होल्ट देणार, अर्धा धर. अर्ध्या व्होल्टवर ३२ ओहमच्या हेडफोनला साधारण ८ मिलिवॅट मिळतात आणि २५० ओहमच्याला फक्त १. म्हणजे त्याला वेगळा अँप, आवाज वाढवणारा डबा, घ्या, तो चार्ज करा, खिशात दोन डबे घेऊन फिरा. शेवटी घेतला त्याहून कमी पैशात विकला तो मी, बायको अजून टोमणे मारते.

म्हणून खोक्यावर सगळ्यात आधी ओहम बघ, १६ ते ३२ असेल तर डोळे झाकून पुढे जा. त्याच्याच बाजूला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो ते, लिहिलेली असते, ती १०० डेसिबलच्या वर असली की बास. फक्त कुणी डेसिबल प्रति मिलिवॅट लिहितो आणि कुणी प्रति व्होल्ट, दोन्ही एकाच मापाने मोजू नकोस, व्होल्टवाला आकडा नुसता बघायला मोठा असतो. बाकी खोक्यावर जे छापतात ना, ४० मिमी ड्रायव्हर (म्हणजे आतला छोटा स्पीकर), ४० हजार हर्ट्झपर्यंत, हाय-रेसचा सोनेरी स्टिकर, त्याच्याकडे ढुंकूनही बघू नको. आपल्या कानाची धाव तरुणपणी २० हजारापर्यंत, चाळिशीत त्याच्याही बरीच खाली, आणि बाबांच्या साध्या कॅसेटीत बारा-पंधरा हजाराच्या वर असून असून काय असणार, नुसता सूंऽऽऽ.

हा सूंऽऽऽ म्हणजेच तुझा खरा प्रॉब्लेम आहे रे. हल्ली स्वस्तातले बरेचसे हेडफोन धडाम बेस आणि चरचरीत ट्रेबल असे बनवतात, दुकानात दोन मिनिटं ऐकलं की माणूस फिदा होतो. पण तसल्यात कॅसेट लावलीस की ती सुरसुर थेट कानात सुई टोचल्यासारखी लागते, आणि बेस इतका फुगतो की तबल्याचा डग्गा म्हणजे नुसता धप्प धप्प, त्याची घसरत जाणारी मींड-बिंड काही कळत नाही. त्यामुळे ट्राय करताना दुकानदार त्याच्या मोबाईलवर जे दणदणीत गाणं लावून देतो ते अजिबात ऐकू नको. स्वतःचा प्लेयर घेऊन जा आणि ती दादरच्या मैफिलीची कॅसेट लाव, जिच्यात सुरुवातीला दोन मिनिटं नुसते तानपुरेच आहेत. तानपुरा फसवत नाही. जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, मोकळी ऐकू आली, एकेक तार झंकारून दुसरीत मिसळतेय असं वाटलं तर माल चांगला. नुसती मधमाशी घोंघावल्यासारखी वाटली तर दे परत. मग गाणारा 'सा' लावतो तेव्हा त्याचा गळा कसा वाटतो ते बघ, समोर बसलाय की डबड्यात.

आणि किंमत जास्त म्हणजे आवाज चांगला हे तर डोक्यातून काढूनच टाक. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं आणि किमती ताडून बघितल्या, तर फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे खालचे-वरचे सूर किती मोठ्याने वाजतात त्याचा, किमतीशी काही संबंधच सापडला नाही. अर्थात मजबुती, कम्फर्ट वगैरेला पैसे पडतातच, ते सोड.

आता डोक्यावरच्या गुबगुबीतचा विषय. डोंबिवली ते सीएसएमटी, सकाळची फास्ट, मे महिना, आणि कानावर रेक्झिनच्या गाद्या? घामाने कान उकडतील तुझे. उघड्या पाठीचे, मागे जाळीवाले, घेतलेस तर आवाज मोकळा येतो, मान्य, पण लोकलची सगळी खडखड आणि शेजारच्याचं भजनी मंडळ सगळंच आत येणार, मग तू आवाज वाढवणार, आणि खरा धोका तिथेच आहे. डब्ल्यूएचओचं म्हणणं असं की मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८६ ला फक्त १० तास. तुझा नुसता प्रवासच आठवड्याला बारा-तेरा तासांचा आहे, कर हिशोब.

त्यामुळे तुला पाहिजेत कानात घट्ट बसणारे, तारवाले इन-इअर. नीट बसले तर २० डेसिबलच्या आसपास गोंगाट बाहेरच अडतो, बॅटरी नको, काही नको. नीट बसले तर, हे अंडरलाइन कर. सोबत तीन साइजची रबरं येतात, लोक मधली लावून ऐकतात आणि "बेसच नाही यार" म्हणून परत करतात. अरे सील झालं नाही की बेस पळूनच जातो! तिन्ही लावून बघ, माझ्या तर डाव्या कानाला मोठं लागतं आणि उजव्याला मधलं, देवाने असाच माल पाठवलाय.

नावंच पाहिजे असतील तर मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हन हर्ट्झचा सालनोट्स झीरो, दोन्ही एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचे आणि दोघांची वायर काढता येते. पाच ड्रायव्हर, आठ ड्रायव्हर असल्या जाहिरातींना भुलू नको, एक धड असला तरी पुरे. वायर मात्र काढता येणारीच घे, कारण मरते ती नेहमी वायरच, जॅकच्या मुळाशी, आणि गर्दीत कुणाच्या बॅगेत अडकली तर नुसती वायर बदलून भागतं. घरी रात्री ऐकायला म्हणून पुढेमागे वेगळं घ्यायचं झालं तर कॉसचा पोर्टा प्रो आहे, १९८४ पासून तोच चेहरा घेऊन विकतायत. तो ६० ओहमचा आहे, पण शांत खोलीत तुझा प्लेयर तेवढं ओढतो. लोकलला मात्र अजिबात नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. माइक नसलेला घे. माइकवाल्याची चार कड्यांची पिन जुन्या सॉकेटमध्ये कधीकधी अर्धवट टेकते, ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक तार, सुटतो आणि मग डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. बाबांच्या कॅसेटी मोनो, म्हणजे फरक शून्य, म्हणजे पंडितजी गायब! तू प्लेयर बिघडला समजून उघडून बसशील. दुसरं, प्लेयरचा आवाज कमी वाटला तर सेटिंगमध्ये रीजन बघ, युरोप असेल तर तिथे व्हॉल्यूमला लगाम घातलेला असतो, रेस्ट ऑफ वर्ल्ड कर. तरीही सुरसुर छळलीच तर रॉकबॉक्स हे प्लेयरचं दुसरं सॉफ्टवेअर टाकून इक्वलायझरमध्ये ८ हजार हर्ट्झच्या आसपास जरा खाली ओढ, ते मी करून देईन.

दिवाळीत येतोयस ना? प्लेयर घेऊनच ये. माझ्याकडे जुन्या रबरांचा अख्खा डबा पडलाय, तुझ्या कानाचं माप काढू. आणि मला एका कार्डावर त्या सगळ्या कॅसेटी भरून आण, ती दादरची तर नक्की, शेवटच्या भैरवीत बाबा मागून जोरात "क्या बात है" म्हणतात ती.

तुझा,
पक्या