बिडी सुटली, तपासणी राहिली

महोदय,

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं बिडी ओढली आणि नातवाच्या बारशाला सोडली. मग दम लागला की घरात 'वय झालं' म्हणायचं. टीबीसाठी थुंकी तपासली, एक्स-रे काढला, 'काही नाही' म्हणाले. नळीत जोरात फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कुणी सुचवलीच नाही. ती झाली तेव्हा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार, बराच पुढे गेला होता. सुरुवातीचा सीओपीडी एक्स-रेत बहुधा दिसत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत ५० ते ८० वयाच्या, रोज एक पाकीट असं २० वर्षं ओढलेल्यांना दरवर्षी कमी किरणांचा सीटी स्कॅन सुचवतात. ओढणं सोडलं असलं, तरी सोडून १५ वर्षं झाली नसतील तर त्यांनाही. आपल्याकडे ते लगेच परवडणार नाही, शिवाय टीबीचे जुने डाग स्कॅनमध्ये कर्करोगासारखे दिसण्याचा घोळ आहेच. पण फुंकायचं यंत्र तरी ग्रामीण रुग्णालयांत असावं. आणि 'ओढता का?' एवढंच नको, 'पूर्वी ओढत होता का?' हेही विचारा.

बीड-धाराशिवकडे तपासणीची शिबिरं दसऱ्याआधी घ्यावीत. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं गेली की गावात म्हातारी आणि लेकरंच उरतात.

– एक वाचक, अंबाजोगाई