जाणाऱ्या आमदारांनी मतदारसंघाचा हिशेब द्यावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या विद्यमान विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपत आहे. पुढची उमेदवारी कोणाला मिळणार याची चर्चा होतच राहील. पण जे आमदार पुन्हा उभे राहणार नाहीत, ज्यांना पक्ष डावलेल किंवा जे ऐन वेळी राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षाची वाट धरतील, त्यांच्या मतदारसंघातील अपुऱ्या कामांचे काय, हे कोणी विचारत नाही.

मागच्या खेपेचा अनुभव ताजा आहे. २०१७ मध्ये १७ जागा जिंकून सर्वांत मोठा पक्ष ठरलेल्या काँग्रेसकडे २०२२ च्या निवडणुकीच्या तोंडावर दिगंबर कामत आणि प्रतापसिंह राणे हे दोनच आमदार उरले होते. शेवटच्या काही महिन्यांत तर राजीनाम्यांची रांगच लागली. काँग्रेसमधून लुईझिन फालेरो, भाजपमधून एलिना साल्ढाणा, कार्लुस आल्मेदा, मायकल लोबो, प्रवीण झांट्ये असे अनेकजण बाहेर पडले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ अ नुसार सभागृहाची उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल, तर पोटनिवडणूक ठरावीक काळात घेण्याचे बंधन राहत नाही. त्यामुळे आमदाराला नवा पक्ष मिळतो आणि मतदारसंघ मात्र निवडणुकीपर्यंत प्रतिनिधीविना राहतो. पक्ष सोडण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. मतदारांना एका शब्दानेही न सांगता जाण्याचा हक्क मान्य नाही.

आपल्याकडे मतदारसंघ लहान आहेत. सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार असल्याने आमदार प्रत्येक वाड्यावर ओळखीचा असतो आणि लोक आपले अर्ज घेऊन थेट त्याच्या घरी जातात. खाडीकाठच्या सखल, बांध घालून राखलेल्या खाजन शेतीचा बांध फुटून खारे पाणी भातात शिरले, की शेतकरी आधी त्यालाच गाठतो. अंदाजपत्रक झाले, फाइल खात्यात गेली, पुढे मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडण्या-अडवण्याच्या मार्गाच्या, दारांचे काम कोठे अडले, हे पुष्कळदा त्या आमदारालाच ठाऊक असते. तो गेला की शेतकऱ्याला पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर जमीन एक-दोन हंगाम नापीक होऊन बसते. सभागृहातही तेच घडते. विधानसभा विसर्जित होताच तिच्यापुढे प्रलंबित असलेली विधेयके, त्यांत आमदारांची खासगी विधेयकेही आली, रद्दबातल होतात.

वय किंवा प्रकृतीमुळे सन्मानाने बाजूला होणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. १९७२ पासून पन्नास वर्षे सभागृहात राहिलेल्या राणे यांच्यासारख्यांकडे तर सांगण्यासारखे इतरांहून अधिकच असते, आणि ते लिखित स्वरूपात मागे राहावे असे मनापासून वाटते.

उमेदवाराला अर्जासोबत मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि फौजदारी खटले यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. जाणाऱ्याला मात्र काहीच द्यावे लागत नाही. त्यासाठी लगेच कायदा करावा असे मी म्हणत नाही. शेवटच्या अधिवेशनात सभापतींनी प्रत्येक सदस्याकडून मंजूर पण अपुरी कामे, सरकारने दिलेली आश्वासने आणि खात्यांत अडकलेल्या प्रस्तावांची टिपणी मागवावी, आणि तिची प्रत त्या मतदारसंघातील पंचायतींना व पालिकेला द्यावी. मुदतीआधी राजीनामा देणाऱ्यानेही ती राजीनाम्यासोबतच सादर करावी. आपल्या दैनिकाने चाळीसही मतदारसंघांतील अशा अपुऱ्या कामांची यादी उमेदवारी अर्ज भरण्यास सुरुवात होण्यापूर्वी प्रसिद्ध केली, तर नव्या उमेदवारांना घरोघरी फिरताना त्यावर उत्तर देणे भाग पडेल.

आपला,
तिसवाडी तालुक्यातील एक मतदार