‘तू ते केलंस!’ आणि खापर आमच्या डोक्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, जुन्या व्हिडिओ गेममधल्या इंग्रजी आवाजांवरचा लेख वाचला. चहा गार होईपर्यंत वाचला आणि मग तो गार चहा रागाने प्यायले. लेखक महाशयांना हसू आवरत नव्हतं, हे ओळीओळीतून दिसतं. हसा हो, हसायला माझी ना नाही. ते आवाज आहेतच तसे. पण शेवटी ‘त्या काळी तंत्रज्ञान बाल्यावस्थेत होते आणि कलाकार हौशी होते’ असं एका वाक्यात उरकून टाकायचं, सगळं खापर माइकसमोरच्या माणसाच्या डोक्यावर फोडायचं आणि आपण हात झटकायचे, हे काही बरं नव्हे. मी त्या माइकसमोर उभी राहिलेय, म्हणून हे पत्र.

तंत्रज्ञानाचं आधी सांगते. गेम प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये यायचे, त्या जमान्यात अख्ख्या गेमला मिळून दोन-चार मेगाबाइट जागा असायची, त्यात आवाज म्हणजे एखादी किंकाळी. सीडी आली आणि एकदम ६५० मेगाबाइट हाताशी आले. अडचण जागेची नव्हतीच. उलट एवढी जागा भरायची कशाने, असा प्रश्न पडला असणार. मग लावा पात्रांना बोलायला! तोवर पडद्यावर अक्षरं उमटायची आणि मुलं ती मनातल्या मनात वाचायची. मनातला नट कधी वाईट नसतो. सीडीवर बोलणं दाबून बसवत असत हेही खरं, पण दाबल्यामुळे आवाजाला खरखर येते. भुताच्या वाड्यात अडकलेला माणूस दूधवाल्याचा हिशेब सांगितल्यासारखा बोलतो, ते खरखरीमुळे नाही.

त्या सँडविचला तुम्ही अर्धा रकाना दिलाय. १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’. नायिका जिलच्या अंगावर छत उतरत येतं, तिचा सहकारी बॅरी तिला वाचवतो आणि वर विनोद करतो की थोडक्यात तुझं सँडविच व्हायचं राहिलं. ठीक. पण हा गेम जपानात विकला गेला तेव्हाही त्यातली माणसं इंग्रजीच बोलत होती, खाली जपानी अक्षरं होती, हे लेखात का नाही? म्हणजे हे आवाज काही अमेरिकेला माल पाठवताना घाईघाईत चिकटवलेले नव्हते. जपानी आवाजही रेकॉर्ड झाले होते, ते दिग्दर्शक शिंजी मिकामी यांना पसंत पडले नाहीत म्हणून बाजूला ठेवले. इंग्रजी मात्र पसंत पडलं. न पडायला काय झालं? जपानात राहणारे इंग्रजी बोलणारे लोक बोलावले होते, आणि ऐकून हो म्हणणाऱ्यांना सगळं इंग्रजी परदेशी सिनेमासारखंच लागत असणार. मला तमीळ नाटक उत्तमच वाटतं. त्यातला नट चुकला तर मला कोण सांगणार?

आता यावर ‘जपान्यांना इंग्रजी येत नाही’ एवढंच कुणी म्हणेल, तर तेही नको. अमेरिकेतल्या सिएरा कंपनीने ‘किंग्ज क्वेस्ट’ या गेमचा पाचवा भाग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सीडीवर आणला, तेव्हा कंपनीतल्याच कर्मचाऱ्यांना माइकसमोर उभं केलं. त्यातलं घुबड ऐका एकदा. पुढच्याच भागाला नट आणले आणि फरक कानाला कळला. माणसं अमेरिकन, भाषा त्यांचीच, तरी पहिल्या वेळी फसलं. कारण आवाज हे काम आहे, असंच कुणाला वाटत नव्हतं. बोलता तर सगळ्यांनाच येतं ना!

आता माझं. १९९९ चा मे महिना, पुणे. मी तेव्हा आकाशवाणीच्या श्रुतिकांत कामं करायची. मुलांसाठी गणिताची मराठी सीडी निघणार होती, तिच्यासाठी बोलावणं आलं. कर्वे रस्त्याजवळच्या एका फ्लॅटची आतली खोली म्हणजे स्टुडिओ. भिंतींना कापसाच्या गाद्या सुतळीने बांधलेल्या, पंखा बंद. हातात कागद दिला. डावीकडे फाइलचं नाव, उजवीकडे वाक्य. क्रम वाक्यांचा नाही, फाइलींच्या नावांचा. म्हणजे ‘शाब्बास’च्या खाली ‘शून्य’ आणि त्याच्या खाली ‘सशाला भूक लागली आहे’. अकराव्या की बाराव्या ओळीवर होतं : ‘तू ते केलंस!’

मी विचारलं, हे कोण कोणाला म्हणतंय? कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, बटण दाबल्यावर येतं.”

“कुठलं बटण?”

“ते अजून ठरायचंय.”

आता तुम्हीच सांगा, मराठी घरात ‘तू ते केलंस!’ कधी ऐकू येतं? लोणच्याची बरणी फुटल्यावर. मी तसंच म्हटलं. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा आधीच्यापेक्षा कडक. मुलगा मान डोलवत होता. तो मराठी नव्हता, बिचारा स्वभावाने चांगला होता. त्याचं लक्ष पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्यांवर. पट्टी लाल झाली नाही म्हणजे वाक्य छान. एकदाच त्याने मला थांबवलं, शेजारच्या कुकरची शिट्टी आली तेव्हा. ती त्याला कळली, तिला भाषा लागत नाही. मानधन पाचशे ठरलं होतं, तीनशे मिळाले.

दिवाळीत सीडी घरी आली. माझा भाचा तेव्हा सात वर्षांचा. पडद्यावर पाच आंबे, मग तीन आंबे. त्याने आठ दाबलं. ससा नाचायला लागला, चांदण्यांचा पाऊस पडला, आणि त्या सगळ्या आनंदात माझा आवाज कडाडला : “तू ते केलंस!” पोराने माउसवरचा हात काढला आणि आईकडे बघून म्हणाला, “मी काय केलं?”

इंग्रजी कागदावर ‘यू डिड इट’ होतं, हे मला नंतर कळलं. कुणीतरी बसून शब्दाला शब्द ठेवला होता. ‘जमलं की!’ एवढं म्हणायचं होतं. दोन आठवड्यांत भाचा मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला लागला, कारण चुकल्यावर मी गोड आवाजात ‘अरेरे, पुन्हा बघू या हं’ म्हणायची. सीडीच्या वेष्टणावर माझं नाव ‘तांत्रिक साहाय्य’ यादीत आहे.

याच भाच्याला पुढे त्याच्या काकाने दुबईहून प्लेस्टेशन आणलं. एके दिवशी आतून हाक आली, “मावशी, लवकर ये, हा माणूस अगदी तुझ्यासारखा बोलतोय!” तो बॅरी होता. जिलला कुलूप उघडायची पिन देताना ‘कुलूप उघडण्यातली उस्ताद’ असं काहीतरी म्हणत होता. घरातले सगळे हसले. मला मात्र समोर तो कागद दिसला. डावीकडे फाइलचं नाव, उजवीकडे वाक्य. माझ्या दृष्टीने तो माणूस वाईट नट ठरत नाही. बॅरी कोण, कुठे उभा आहे, समोर जिल आहे की कुत्रा, हे त्याला धड कुणी सांगितलं असेल असं वाटतच नाही.

‘मेगा मॅन ८’ या गेममध्ये म्हातारे शास्त्रज्ञ वाक्यावाक्याला अडखळतात, खलनायकाचं नावसुद्धा त्यांना धड घेता येत नाही. त्यावर तुमच्या लेखकांनी चार ओळी खर्चल्या आहेत. अहो, अडखळणं प्रत्येकाचं होतं. माझंही व्हायचं. आकाशवाणीत काचेपलीकडून निर्मात्याचं बोट वर व्हायचं, पुन्हा घ्यायचो. बोट वर करणारं तिथे कुणी असतं, तर ते अडखळणं डिस्कवर गेलं असतं का? शिव्या त्या बोटाला द्या, जे वर झालं नाही.

आणि बोट असलं की काय होतं, याचा दाखला तुमच्याच लेखात आहे, पण तो ‘अपवाद’ म्हणून दोन शब्दांत गुंडाळलाय. १९९७ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीने ‘सिंफनी ऑफ द नाइट’ हा गेम काढला, त्यात ड्रॅक्युला पेला भिरकावत माणूस म्हणजे काय यावर भाषण ठोकतो. कॉलेजच्या गॅदरिंगला शोभेल असं. त्याच कोनामीचा ‘मेटल गिअर सॉलिड’ १९९८ चा, आणि त्याच्या संवादांना आजही कुणी हसत नाही. कंपनी तीच, यंत्र तेच, डिस्क तीच. फरक एवढाच की आवाजांचं दिग्दर्शन करायला क्रिस झिमरमन नावाची बाई होती, अमेरिकेत, कसलेल्या नटांना घेऊन. आणि तेसुद्धा एका घरातल्या स्टुडिओत! बाहेरचे आवाज त्यात आले होते म्हणे, म्हणून २००४ च्या नव्या आवृत्तीसाठी सगळं परत रेकॉर्ड करावं लागलं. म्हणजे आमच्या गाद्या आणि कुकर एकवेळ चालले असते. मला एक माणूस हवा होता, जो म्हणाला असता, “अहो, रागावू नका, ससा खूश आहे.”

लेखक महाशयांची गंमत अशी, की ज्या शब्दाला शब्द भाषांतरावर त्यांनी दोन परिच्छेद तोंडसुख घेतलंय, त्याच लेखाचा शेवट ते करतात : ‘दिवसाच्या शेवटी, ही पात्रे आपल्या हृदयात एक विशेष जागा धारण करतात.’ दिवसाच्या शेवटी आमच्याकडे दिवेलागण होते, संपादक महाराज. हे वाक्य तुमच्याकडे कुणी डोळ्यांखालून घातलं की नाही? की तिथेही नुसती पट्टी हिरवी आहे ना, एवढंच बघतात?

भाच्याला काल हा लेख पाठवला. तो आता तिशी ओलांडून गेलाय, बंगळुरूला असतो. त्याचं म्हणणं वेगळंच. २००७ मध्ये तो ड्रॅक्युला नव्या, चांगल्या आवाजांत परत आला, तेव्हा लोक जुन्यासाठीच हळहळले आणि तोही त्यांत होता म्हणे. आणि आमची ती गणिताची सीडी त्याने अजून जपून ठेवली आहे. ऑफिसात कुणाचं काम झालं, की हा खुर्चीतून ओरडतो, “तू ते केलंस!” तिथल्या कुणालाच मराठी येत नाही, त्यामुळे सगळ्यांना ते कौतुकच वाटतं.

कळावे,
आपली एक जुनी वाचक, पुणे

ता. क. : त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडव्या शब्दांत १४ क्रमांकाची घरं आहेत, पण सूचक शब्द छापलेलाच नाही. या महिन्यातली ही दुसरी वेळ. उभ्या शब्दांवरून ‘का’ आणि ‘ट’ एवढं लागलंय, पुढचं तुम्ही कळवा.