तुझी नारिंगी पटर

प्रिय विजू,

सात-आठ महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील, तर तो हक्कच आहे तुझा. माझी तब्येत ठीक. खांदा अधूनमधून दुखतो, एवढंच.

परवा मी पहिल्यांदाच झाडीतल्या कोर्सवर डिस्क गोल्फ, आपला तो बास्केटमध्ये चकती टाकायचा खेळ, खेळलो आणि तू दिलेली नारिंगी पटर, ती जवळच्या फेकीची डिस्क, तिथे हरवून आलो. दोन रात्री तेच डोक्यात आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, नवी घे.

आपण कायम मोकळ्या मैदानावर खेळलो. तिथे डिस्क चुकली तर चार पावलं जास्त चालायचं, झालं. इथे टीवर, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागी, उभं राहिलं की समोर झाडांची बोळ, जेमतेम तीन-चार मीटर रुंद, आणि बास्केट कुठे दिसतच नाही. मी सवयीनं ड्रायव्हर, लांब फेकायची डिस्क, काढला. तिसऱ्याच खोडावर खट्ट! डिस्क उलटी येऊन माझ्या मागे पडली. तेव्हा तू आठवलास. "मन्या, लांब नको, सरळ टाक," असं तू म्हणालास म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. कबूल करतो, तुझं बरोबर होतं. ड्रायव्हरला वेग पुरला नाही की तो लवकर डावीकडे वळतो, आणि झाडीत डावीकडे खोडंच असतात. त्यात झाड म्हणजे नव्वद टक्के हवा, असं सांगणारे भेटले. माझी डिस्क नेमकी उरलेल्या दहाकडे जात होती, आणि तू असतास तर पोट धरून हसला असतास!

चौथ्या होलपासून टीवरूनच पटर टाकायला लागलो. सावकाश, खांद्याच्या उंचीवरून, हिसका न देता. विजू, ती दोन खोडांमधून गेली, एका पानालाही न शिवता, आणि मग आतून साखळ्यांचा आवाज आला. बास्केट तोवर मला दिसलीही नव्हती. मी तिथेच उभा राहिलो. उजवीकडे वळणाऱ्या होल्सवर फोरहँड लागतो, तोही तूच शिकवला होतास आणि मी टंगळमंगळ केली होती.

अकरावा होल उताराचा. पटर एका फांदीला लागली, कडेवर उभी राहिली आणि चाकासारखी घरंगळत खाली गेली. खाली घोट्याएवढा पाचोळा, आणि पिकलेली पानं तिच्याच रंगाची. नियमानं शोधायला तीन मिनिटं. ती संपली, एक दंडाचा फटका लागला, पुन्हा टीवरून टाकलं. मागचा गट पुढे जाऊ दिला, तर बिचारे तेही शोधू लागले. खेळ संपल्यावर मी परत गेलो, काठीनं तासभर पाचोळा उकरला. अंधार पडला.

साखळ्यांची बास्केट बनवणारा एड हेडरिक २००२ मध्ये गेला आणि त्याची राख मिसळून डिस्क बनवल्या, हे तू एकदा सांगितलं होतंस. मी तेव्हा "काहीतरीच!" म्हणालो, त्यावरूनही वाजलं होतं आपलं. त्या उतारावर मला ते काहीतरीच वाटलं नाही. तुझ्या अंगठ्यानं त्या पटरची कड झिजली होती. माझा अंगठा बरोबर तिथेच बसायचा.

तुझं नवं काम कसं आहे? छकुली चालायला लागली म्हणे, तिचे फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

आणि एक. त्या पटरच्या मागे तुझंच नाव आहे, तुझ्या जुन्या नंबरासकट. मी ते कधी पुसलं नाही. डिस्क सापडली की लोक नंबर बघून फोन करतात. तो नंबर आता बाबांकडे आहे ना? त्यांना आजच सांगून ठेव. कुणी अनोळखी माणूस "तुमची डिस्क सापडली" म्हणाला, तर राँग नंबर म्हणून ठेवून देऊ नका. नाव-पत्ता विचारून घ्या. मी जाऊन घेऊन येईन.

तुझा,
मन्या